अडगळीतली फटफटी

पुष्कळ घरांत गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा मागच्या पडवीत एखादी जुनी फटफटी पडून असते. वडिलांनी किंवा आजोबांनी ती हौसेने घेतलेली असते. पुढे ती बंद पडते. तिच्यावर पोती चढतात, कोंबड्या बसतात. एक दिवस भंगारवाला येतो आणि वजनावर भाव सांगतो. मग घरात प्रश्न निघतो, "हिला विकायची, की पुन्हा चालू करायची?"

चालू करायची तर पैसा लागतो, आणि तो वाया जाता कामा नये. म्हणून इंजिनाच्या पोटात काय असते आणि ते का बिघडते, हे आपण आधी समजून घेऊ. उदाहरणासाठी आम्ही जावा गाडी घेतली आहे. तिचे इंजिन साधे आहे.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातली. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून गाडी बनवण्याचे हक्क घेतले. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव झाले. आपल्या देशात १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावा कंपनीचा कारखाना सुरू झाला. १९७३ पासून तिथल्या गाड्यांना 'येझदी' हे नाव मिळाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पण तिथल्या कितीतरी गाड्या आजही धावतात.

इंजिनाच्या पोटात

लोखंडी नळकांडे म्हणजे सिलिंडर. त्यात पिस्टन खालीवर होतो. जावाच्या सिलिंडरचे तोंड ६५ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. पिस्टनचे खालीवर होणे क्रँक गोल फिरवून चाकापर्यंत पोचवतो.

या इंजिनाला व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन वर गेला की त्याच्या खालची पेटी, म्हणजे क्रँककेस, पेट्रोल आणि हवा आत ओढते. पिस्टन खाली आला की तीच हवा दाबली जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढते. तिथे ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन पुन्हा खाली ढकलला जातो. म्हणजे क्रँककेस ही नुसती पेटी नाही, तो एक पंप आहे. पंपाला भोक पडून कसे चालेल?

क्रँकची दोन टोके पेटीच्या बाहेर येतात. तिथून हवा जाऊ-येऊ नये म्हणून रबराच्या कड्या बसवलेल्या असतात. त्यांना ऑइल सील म्हणतात. गाडी वर्षानुवर्षे पडून राहिली की हे रबर कडक होते, चिरते. मग चिरेतून जादा हवा आत शिरते. पेट्रोल कमी, हवा जास्त, असे झाले की इंजिन फार तापते. या इंजिनाचे तेल पेट्रोलमधूनच येते, म्हणून तेलही कमी पडते. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये घट्ट अडकतो.

पुष्कळ जण इथेच फसतात. नवा पिस्टन घालतात, सिलिंडर घासून आणतात, पण जुने सील तसेच ठेवतात. महिन्याभरात इंजिन पुन्हा जाम! पिस्टनच्या मानाने सीलची किंमत किती थोडी! पण ते दिसत नाहीत, म्हणून कोणी त्यांना विचारत नाही.

आधी घाई नको

"अहो, दोन किका मारा, सुटेल!" असे सांगणारे गावात पुष्कळ भेटतात. तसे करू नये. जाम इंजिनाला जोर लावला तर रिंगा मोडतात, सिलिंडरला चरे पडतात. प्लग काढून त्या भोकातून थोडे डिझेल आणि तेल सोडावे. चार-आठ दिवस थांबावे. मग हलक्या हाताने फिरवून पाहावे.

उघडताना एक वही जवळ ठेवावी. कोणता नट कुठला, कोणती चकती कोणत्या बाजूला, हे लिहावे. जमल्यास चित्र काढावे. काही नटांचे आटे उलटे असतात. नट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी ते पाहावे. क्रँककेसचे दोन भाग वेगळे करताना मध्ये स्क्रूड्रायव्हर घालू नये. तिथे ओरखडा पडला की हवा गळालीच. ॲल्युमिनियमची पेटी गरम केली की ती फुगते आणि बेअरिंगे सहज निघतात. सामान धुवायला डिझेल घ्यावे, पेट्रोल कधीही नाही. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेट घेते.

डोळ्यांपेक्षा माप खरे

आता सिलिंडर मापायचा. वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक जागी उभे-आडवे माप घ्यायचे. समजा, वर ६५.१८ मिलिमीटर आले आणि खाली ६५.०५. म्हणजे वरचा भाग ०.१३ मिलिमीटर जास्त झिजला. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण त्यातून दाब निसटतो आणि गाडी ओढत नाही.

अशा वेळी सिलिंडर मोठा करून घेतात. मोठे पिस्टन ६५.२५, ६५.५० अशा मापांत मिळतात. ६५.२५ ला चरे जात नसतील तर ६५.५० घ्यावा. आधी पिस्टन विकत घ्यावा, मग तो कारागिराच्या हाती देऊन त्याच्या मापाने सिलिंडर करून घ्यावा. उलटे केले तर पिस्टन सैल तरी होतो, नाहीतर घट्ट तरी.

कनेक्टिंग रॉड धरून वरखाली हलवून पाहावा. बाजूला किंचित हलला तर चालते. वरखाली खटखटला तर खालची बेअरिंग गेली. हे काम प्रेस आणि लेथ असलेल्या कारागिराचेच. घरी हातोड्याने करू नये.

पुन्हा बांधताना

दोन्ही सील नवे घालावे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून इथेनॉल सोसणारे सील मागावे. पिस्टनच्या खाचेत छोटी खुंटी असते. रिंगेची टोके त्या खुंटीपाशीच यावीत, नाहीतर ती वाटेच्या तोंडात अडकून मोडतात. पिस्टन बसवताना पेटीच्या तोंडावर कापड ठेवावे. एक छोटी क्लिप आत पडली तर सारे पुन्हा उघडावे लागते.

गाडी सुरू झाली की आनंद होतो आणि हात मूठ पिळायला शिवशिवतो. पण नव्या पिस्टनला आणि सिलिंडरला एकमेकांची ओळख व्हायला वेळ लागतो. पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवावे. या काळात लिटरभर पेट्रोलला ५० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालावे, पुढे ४०. चालत्या गाडीत इंजिन अचानक जड झाले तर लगेच क्लच दाबावा. पिस्टन अडकला तर मागचे चाक जागीच थांबते आणि माणूस फेकला जातो. काटकसर म्हणून तेल कमी घालणे हे जिवाशी खेळणे आहे.

तेव्हा भंगारवाल्याला होकार देण्याआधी गाडीचे कागद पाहा, इंजिन उघडा, मापे घ्या आणि ती वहीत लिहा. पिस्टन, सील, बेअरिंगे, कारागिराची मजुरी, सारे मांडून बेरीज करा. मगच ठरवा. कधी उत्तर 'विका' असेही येईल, त्यात कमीपणा नाही. पण ते अंदाजाने नको, हिशेबाने यावे. पाना हे दुरुस्तीचे हत्यार आहे, तशीच लिहिलेली वहीसुद्धा.