भूमी आणि पादत्राण : शिरूर-दौंड

‘वहाण’ हा शब्द संस्कृत ‘उपानह्’पासून आला, परंतु कोणत्या भूमीस कोणती वहाण, हे व्युत्पत्ती सांगत नाही. दौंड तालुक्यातील भीमाकाठची काळी जमीन भिजली की दाट खाचांच्या तळात चिखल गच्च बसतो आणि महागडा बूट निव्वळ ओझे ठरतो. तेथे रुंद, विरळ खाचा बऱ्या. मुरमाड उतारावर मात्र दातेरी तळ व घोटा झाकणारा बूट हवा. बोटांपुढे थोडी जागाही हवी, अन्यथा उतरताना नखांना इजा होते. बाभळीच्या काट्यांसाठी तळ जाड, कठीण असावा. शिरूर-पारनेर सीमेवर, टाकळी हाजी व निघोज यांमधील कुकडीच्या रांजणखळग्यांपाशी हाच कठीण तळ घातक होय. प्रवाहाने गुळगुळीत केलेल्या बेसाल्टवर मऊ रबरच पकड घेते. ओल्या शेवाळावर तेही नाही.