हॉटेलचा खरा स्पर्धक कोण? शेजारचं हॉटेल की दुसऱ्याच गावातला बंगला?

लोणावळ्यातल्या एखाद्या रिसॉर्टचा शनिवारचा भाव बघा आणि मग त्याच रूमचा मंगळवारचा भाव बघा. कित्येकदा फरक दुपटीच्या घरात जातो. रूम तीच, स्विमिंग पूल तोच, नाश्त्याला पोहेही तेच. मग हा भाव ठरतो कसा?

सीझन, सुट्ट्या, मागणी ही उत्तरं बरोबरच आहेत. पण भाव ठरवायला बसण्याआधी बहुतेक मोठ्या हॉटेलांकडे एक छोटी यादी तयार असते. साधारण पाच-सात नावांची. हॉटेलने स्वतःचे म्हणून मानलेले स्पर्धक त्यात असतात. या धंद्यात तिला ‘कॉम्पिटिटिव्ह सेट’ किंवा नुसतं ‘कॉम्प सेट’ म्हणतात. त्यांनी भाव चढवला की आपण काय करायचं आणि आपला महिना चांगला गेला की वाईट, हे या यादीकडे बघून ठरतं. त्यामुळे यादी चुकली की पुढचा हिशोबही चुकतो.

यादीत नाव येतं कसं?

सुरुवात सोप्या गोष्टींपासून होते. ठिकाण, स्टार, रूमची संख्या, भाव, सोयी. पण खरा प्रश्न वेगळाच असतो. आपल्याकडे रूम मिळाली नाही, तर हाच पाहुणा कुठे गेला असता?

मुंबईत बीकेसीमध्ये मीटिंगला आलेला माणूस बीकेसी किंवा फार तर विमानतळाजवळचं हॉटेल बघेल. तो नरिमन पॉइंटला जाऊन राहणार नाही, कारण सकाळी उलटं ट्रॅफिकमधून यावं लागेल. त्याच्यासाठी स्पर्धा काही किलोमीटरांत संपते.

लोणावळ्याचं तसं नाही. मुंबईतलं कुटुंब ‘लोणावळ्यालाच जायचं’ असं ठरवून निघतंच असं नाही. ‘दोन दिवस कुठेतरी जाऊ’ असं ठरतं आणि मग लोणावळा, कर्जत, अलिबाग, महाबळेश्वर असे पर्याय निघतात. म्हणजे लोणावळ्याच्या रिसॉर्टचा स्पर्धक समुद्राकाठी बसलेला असू शकतो. आणि रस्ता बदलला की स्पर्धकही बदलतो. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. गाडी घेऊन अलिबागला जाणं सोपं झालं, तर घाटातल्या हॉटेलवाल्यालाही त्याची दखल घ्यावीच लागते.

एकाच हॉटेलच्या दोन याद्याही असू शकतात. हिंजवडीतल्या हॉटेलात सोमवार ते गुरुवार आयटी कंपन्यांचे पाहुणे असतात, तेव्हा स्पर्धक आसपासची बिझनेस हॉटेलं. शनिवार-रविवारी तिथेच लग्न असेल तर स्पर्धा थेट लॉन्सशी आणि मंगल कार्यालयाशी. तिथे रूमचा भाव कुणी आधी विचारत नाही, ताटाचा विचारतात.

मग बंगले आणि होमस्टे आले. बारा जणांच्या ग्रुपला सहा रूम घेण्यापेक्षा पूल असलेला अख्खा व्हिला परवडतो. कोकणात तर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ ही पाटीच अनेक रिसॉर्टची मोठी डोकेदुखी आहे. गंमत म्हणजे हॉटेलांच्या यादीत ही नावं अनेकदा नसतातच. स्टार नाही, रिसेप्शन नाही, तर तुलना कशाशी करणार? पण पाहुणा मात्र तुलना करून मोकळा झालेला असतो.

म्हणूनच आता बुकिंग साइटची माहिती महत्त्वाची झाली आहे. तुमचं हॉटेल बघणाऱ्यांनी आणखी कोणती हॉटेलं बघितली, हे काही साइट हॉटेलवाल्यांना दाखवतात. शिवाय ‘रेट शॉपर’ नावाची सॉफ्टवेअर असतात, ती स्पर्धकांचे ऑनलाइन भाव सतत गोळा करत राहतात. इतकं करूनही फ्रंट ऑफिसला आलेला ‘समोरच्याकडे स्वस्त मिळतंय’ हा फोन दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

भारतात यात एक रेष सरकारनेही ओढली आहे. सप्टेंबर २०२५ पासून रूमचा भाव ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेला की १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची रूम पाहुण्याला ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. कागदावर शंभर रुपयांनी महाग असलेली हॉटेलं पाहुण्याच्या खिशाला हजाराच्या वर फरक पाडतात.

यादीचं राजकारण

आता खरी मेख. यादीतल्या हॉटेलांचा धंदा किती झाला, हे कळणार कसं? भाव ऑनलाइन दिसतात, भरलेल्या रूम दिसत नाहीत. त्यासाठी एसटीआर ही संस्था आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, २०१९ मध्ये कोस्टार कंपनीने ती ४५ कोटी डॉलरला विकत घेतली. हॉटेलं तिला आपले आकडे देतात आणि बदल्यात आपल्या कॉम्प सेटची एकत्रित सरासरी मिळते. कोणत्या एका हॉटेलचे आकडे उघड होऊ नयेत म्हणून यादीत किमान काही नावं लागतात.

समजा, १०० रूमचं हॉटेल आहे. ६० रूम ५,००० रुपयांनी गेल्या. एकूण रूमवर वाटलं तर रूममागे ३,००० रुपये. याला ‘रेव्हपार’ म्हणतात. स्पर्धकांच्या सरासरी ७५ टक्के रूम ४,४०० ने गेल्या असतील, तर त्यांचा रेव्हपार ३,३००. आपला निर्देशांक झाला ९१. शंभर म्हणजे बरोबरी. इथे भाव स्पर्धकांपेक्षा चढा आहे, पण रूम रिकाम्या राहिल्या.

हा आकडा नुसता फाइलला लावायचा नसतो. मोठ्या ब्रँडची बरीच हॉटेलं दुसऱ्याच कुणाच्या मालकीची असतात, ब्रँड फक्त ती चालवतो. अनेक करारांत अट असते की निर्देशांक ठरलेल्या पातळीखाली सलग काही काळ राहिला, तर मालकाला करार मोडता येतो. जनरल मॅनेजरचा बोनसही कित्येकदा यालाच बांधलेला असतो. मग यादीत कमकुवत हॉटेलं टाकली की आपण आपोआप हुशार! त्यामुळे हॉटेल चालवणारे सोपी यादी मागतात, मालक कठीण यादी मागतात आणि करार होतानाच यावर घासाघीस होते. नंतर नाव बदलायचं तर दोघांची संमती, असंही लिहून घेतलं जातं.

आणि पाहुण्याचं काय? सगळेच एकमेकांकडे बघून भाव ठरवू लागले, तर स्पर्धा उरते का, हा वाद अमेरिकेत कोर्टात गेला. लास वेगासमधली हॉटेलं एकाच कंपनीचं भाव सुचवणारं सॉफ्टवेअर वापरतात म्हणून भाव चढतात, असा दावा होता. २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. स्पर्धकांनी तेच सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे विकत घेणं म्हणजे संगनमत नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. स्पर्धकाचा जाहीर भाव बघून आपला ठरवणं कायद्यात बसतं. आपसात फोन करून ठरवणं बसत नाही, अमेरिकेतही आणि भारतातही.