एन्चिलाडा आणि वाइनचा ग्लास

एन्चिलाडा म्हणजे मिरचीच्या रश्शात घोळवलेली मक्याची मेक्सिकन पोळी. घरी ओव्हनमध्ये चीज लालसर झाले म्हणजे आतले चिकन शिजले, असे नव्हे. चिकन आधी पूर्ण शिजवावे. फ्रिजमधले सारण असेल तर ते मधोमध ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवे.

सोबतीला वाइन हवीच असेल तर कमी अल्कोहोलची, किंचित गोड रिस्लिंग बरी. जास्त अल्कोहोलने तिखटाची आग भडकते. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी जपावे. यकृत अल्कोहोलचा निचरा करण्यात गुंतते, रक्तात साखर सोडायचे मागे पडते आणि काही तासांनी, कधी झोपेतच, साखर उतरते. घाम, बोबडे बोलणे, तोल जाणे दिसले की घरचे म्हणतात, ‘चढली असेल, झोपू द्या.’ झोपू देऊ नये. आधी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी.