न्यून ऊर्जा-उपलब्धता, क्रीडापटूंमधील

आहारातून मिळालेल्या ऊर्जेतून व्यायामासाठी खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या इतर कार्यांसाठी जी ऊर्जा शिल्लक राहते, तिला ऊर्जा-उपलब्धता म्हणतात. हृदयाचे स्पंदन, तापमानाचे नियमन, झिजलेल्या पेशीसमूहांची दुरुस्ती, हाडांची वाढ, रोगप्रतिकार व प्रजोत्पादन ही कार्ये या शिलकीवरच चालतात. ही शिल्लक अपुरी पडते त्या अवस्थेस न्यून ऊर्जा-उपलब्धता असे नाव आहे. ही अवस्था दीर्घकाळ वा तीव्र स्वरूपात राहिल्यास होणाऱ्या विकारसमूहास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ञगटाने २०१४ मध्ये ‘क्रीडेतील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ ही संज्ञा दिली. एरवी पुरेसा ठरणारा आहारही श्रमांच्या मानाने अपुरा ठरू शकतो, हे ‘सापेक्ष’ या शब्दाने सूचित होते.

मापन : ऊर्जा-उपलब्धता ही शरीराच्या मेदविरहित वजनाच्या दर किग्रॅ.मागे, प्रतिदिनी किलोकॅलरींमध्ये (किकॅ.) मांडतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत ती सु. ४५ असणे इष्ट मानतात. उदा., ५० किग्रॅ. वजनाच्या धावपटू मुलीच्या शरीरात २० टक्के मेद असल्यास तिचे मेदविरहित वजन ४० किग्रॅ. भरते. तिचा आहार २,००० किकॅ. असून ती रोज १२ किमी. धावत असल्यास धावण्यात सु. ६०० किकॅ. खर्च होतात, उरलेल्या १,४०० किकॅ.ना ४० ने भागल्यास ३५ हा आकडा येतो. तोच आहार ठेवून तिने अंतर १८ किमी. केल्यास खर्च ९०० किकॅ. होऊन उपलब्धता २७.५ वर उतरते. आहारात काहीही घट न होता केवळ सराव वाढल्याने ही न्यूनता निर्माण होते.

इतिहास : वारंवार पडणाऱ्या ताणामुळे हाडास तडा जाण्याच्या विकाराचे (ताण-अस्थिभंगाचे) वर्णन प्रथम सैनिकांत झाले. प्रशियाच्या सैन्यातील शल्यचिकित्सक ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये दीर्घ संचलनानंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात, याची नोंद केली. १९८४ मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतुस्राव बंद झालेल्या तरुण महिला खेळाडूंच्या कण्यातील खनिजांश नियमित ऋतुस्राव असणाऱ्या खेळाडूंपेक्षा कमी असल्याचे दाखविले. १९९२ मध्ये अमेरिकेत आहारविकृती, अनार्तव (ऋतुस्राव न होणे) व अस्थिसुषिरता (हाडे विरळ व ठिसूळ होणे) यांचे ‘महिला क्रीडापटूंचे त्रिक’ वर्णिले गेले. अ‍ॅन लाउक्स यांच्या प्रयोगांत (२००३) उपलब्धता ३० किकॅ.च्या खाली आणताच अवघ्या पाच दिवसांत पीतपिंडकारक हॉर्मोनाच्या स्रवणाची लय बिघडल्याचे आढळले. तथापि ३० ही सर्वांना लागू पडणारी सीमारेषा नव्हे. ती व्यक्तिपरत्वे बदलते. २०१४ च्या संज्ञेत पुरुष खेळाडूंचाही समावेश करण्यात आला व २०२३ मध्ये तिची सुधारित मांडणी प्रसिद्ध झाली.

कारणमीमांसा व परिणाम : ऊर्जा अपुरी पडताच शरीर तातडीची कार्ये राखून लांबणीवर टाकता येण्याजोगी कार्ये मंदावते. मेंदूतील अधोथॅलॅमसाकडून पोष ग्रंथीस मिळणारे संदेश विरळ होतात. स्त्रियांत स्त्रीमदजनाचे, तर पुरुषांत टेस्टोस्टेरोनाचे प्रमाण घटते. अवटू ग्रंथीच्या क्रियाशील हॉर्मोनाची पातळी उतरते व विश्रांतीतील चयापचय मंदावतो. त्यामुळे ऊर्जा कमी पडत असूनही वजन स्थिर राहू शकते आणि वजनकाटा दिशाभूल करतो. हाडांची निर्मिती घटून झीज वाढते. नडगी, तळपाय व मांडीच्या हाडाची मान येथे ताण-अस्थिभंग होतात. थकवा, वारंवार होणारे संसर्ग, बद्धकोष्ठता, मंद नाडी, चिडचिड व खिन्नता ही अन्य लक्षणे होत. सराव करूनही कामगिरी खालावते. ऋतुस्राव थांबणे हे कसून सराव केल्याचे चिन्ह समजणे ही घातक चूक आहे. हाडांचा बहुतांश साठा विशीच्या आरंभापर्यंतच जमत असल्याने त्या वयातील हानी पुढे पूर्णपणे भरून निघेलच असे नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ : वजनगट असलेले खेळ, दीर्घ पल्ल्याच्या शर्यती व जिम्नॅस्टिक्स यांत हा धोका अधिक असतो. मातीच्या आखाड्यातील पहिलवानाच्या दूध, तूप व बदाम यांच्या खुराकात श्रमांची भरपाई गृहीत धरलेली असे. वजनगटांच्या कुस्तीत मात्र वजन उतरविण्याकडे कल असतो. कामठी (जि. नागपूर) ही १८२१ मध्ये वसविलेली छावणी असून तेथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. छावणीच्या अशा गावांत व एकूणच राज्यात सैन्य व पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारे तरुण-तरुणी हा या विकाराच्या दृष्टीने दुर्लक्षित वर्ग होय. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १,६०० मी. व महिलांना ८०० मी. धावावे लागते. पहाटे उपाशीपोटी सराव, दिवसभर काम वा शिक्षण, विदर्भातील उन्हाळ्यात मंदावणारी भूक, उपवास वा रोजे आणि घरात मुलींनी शेवटी जेवण्याची रीत यांमुळे हेतू नसतानाही न्यूनता उद्‌भवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सु. ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. लोहाची कमतरता व ऊर्जान्यूनता एकत्र आल्यास परस्परांना बळ देतात.

निदान व उपचार : सलग तीन महिने ऋतुस्राव न होणे, पंधराव्या वर्षापर्यंत तो सुरू न होणे किंवा ताण-अस्थिभंग होणे यांपैकी काहीही आढळल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. गर्भधारणा, अवटू ग्रंथीचे विकार इ. अन्य कारणे प्रथम वगळावी लागतात. हाडांची घनता विशिष्ट क्ष-किरण तपासणीने मोजतात. आहारात दररोज ३०० ते ६०० किकॅ.ची भर घालणे व सराव कमी करणे हा मुख्य उपचार होय. सु. ५० ग्रॅ. शेंगदाणे व ३० ग्रॅ. गूळ यांतून जवळजवळ ३८० किकॅ. मिळतात. सरावापूर्वी व सरावानंतर लगेच काही खाल्ल्यास दिवसातील तुटीचा काळ कमी होतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा मासिक रक्तस्राव म्हणजे प्रकृती पूर्ववत होणे नव्हे. मूळ न्यूनता त्यामुळे झाकली जाते. ऋतुचक्र सुरळीत होण्यास अनेक महिने, तर हाडे सुधारण्यास काही वर्षे लागतात. आहारविकृती असल्यास मानसोपचारांचीही गरज असते. वजनाऐवजी ऋतुचक्र, दुखापती व थकवा यांची नियमित नोंद प्रशिक्षकांनी ठेवल्यास हा विकार वेळीच ओळखता येतो.