दिंडोरी ते विधान भवन: आपलं कायदेमंडळ कुठे कुठे बसलं, आणि माणसं कुठे थांबली

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. वाचायला सोयीचं व्हावं म्हणून थोडं नीटनेटकं केलं आहे.)

दिंडोरीहून मी बोलतोय. आजचा विषय आहे विधान भवन. टीव्हीवर आपण रोज बघतो, पायऱ्यांवर फलक धरून उभे असलेले आमदार, मागे ती मोठी इमारत. पण ती इमारत कधी झाली, त्याआधी आमदार कुठे बसायचे, नागपूरला वेगळं विधान भवन का आहे, हे विचारलं तर बरेच जण गप्प होतात. आणि आपल्या तालुक्याचा तर या इमारतीशी फार जवळचा संबंध आहे. तर सुरुवातीपासून बघू.

पहिली बैठक: टाउन हॉल

१८६१ साली ब्रिटिश पार्लमेंटने इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्ट केला. त्यानुसार मुंबई इलाख्यात कायदे करणारी परिषद आली आणि जानेवारी १८६२ मध्ये तिची पहिली बैठक मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. टाउन हॉल म्हणजे फोर्टमधली आजची एशियाटिक सोसायटीची इमारत. १८३३ साली पूर्ण झालेली, ग्रीक देवळासारखे जाड खांब, आणि समोर तीस पायऱ्या. सिनेमात ती पायऱ्यांची जागा तुम्ही शंभर वेळा पाहिली असेल.

या परिषदेवर कुणी निवडून येत नव्हतं बरं का. सरकार नेमेल ते सभासद. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे तिथे नेमलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक. म्हणजे सुरुवातीला सामान्य माणसाचा या सभागृहाशी संबंधच नव्हता. मत नाही, त्यामुळे मागणीही नाही.

खलाशांच्या घरात आमदार

पुढची गोष्ट मला सगळ्यात मजेची वाटते. आपलं कायदेमंडळ पन्नासेक वर्षं ज्या इमारतीत भरलं, ती मुळात खलाशांच्या मुक्कामासाठी बांधलेली होती!

१८७० मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड मुंबईत आला. त्याच्या नावाने रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम बांधायचं ठरलं. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी त्यासाठी दोन लाखांची देणगी दिली. इमारत १८७६ मध्ये पूर्ण झाली. आराखडा होता एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. नाव ओळखीचं वाटतंय ना? व्हीटी स्टेशन, म्हणजे आजचं सीएसएमटी, आणि त्याच्या समोरची महापालिकेची इमारत, दोन्ही त्यांच्याच. सेलर्स होम हे त्यांचं आधीचं काम.

रीगल सिनेमाच्या चौकात उभं राहिलं की ती इमारत समोर दिसते. दगडी बांधकाम, गॉथिक धाटणीच्या टोकदार कमानी, आणि वर दर्शनी त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून कोरलेला, सोबत जलपऱ्या आणि समुद्री घोडे. खलाशांचं घर म्हटल्यावर ते बरोबरच आहे. पण १९२८ मध्ये सरकारने ही इमारत कायदेमंडळासाठी घेतली आणि तिचं नाव झालं कौन्सिल हॉल. म्हणजे कुळकायद्यापासून कितीतरी कायद्यांवर चर्चा झाली ती या नेपच्यूनच्या पायाशी.

१९३५ च्या कायद्याने दोन सभागृहं आली. १९३७ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत १७५ जागा होत्या आणि अध्यक्ष झाले गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हाही कारभार याच कौन्सिल हॉलमधून सुरू झाला. आज तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे.

नागपूरचं विधान भवन कशासाठी?

नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि नागपूरचं राजधानीपण गेलं. पण त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ ला नेत्यांनी नागपूर करार केला होता. त्यात ठरलं की सरकार वर्षातला काही काळ नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे होईल. म्हणून आजही थंडीत अख्खं सरकार नागपूरला जातं. फायली, अधिकारी, मंत्री, सगळे.

एका राजधानीची इमारत दुसऱ्या राजधानीने वर्षातून काही दिवस वापरायची, असा हा प्रकार. आपल्याकडे दूरच्या माणसाला सरकार जवळ वाटावं म्हणून इमारतीच दोन ठेवल्या आहेत, असंही म्हणता येईल.

नरिमन पॉइंटचं विधान भवन

१९७८ च्या निवडणुकीपासून विधानसभेच्या जागा २८८ झाल्या; परिषदेच्या ७८ होत्याच. कौन्सिल हॉल अपुरा पडणारच. समुद्रात भर टाकून तयार केलेल्या नरिमन पॉइंटच्या जमिनीवर नवं विधान भवन उभं राहिलं आणि १९ एप्रिल १९८१ ला इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

आतली रचना सोपी आहे. विधानसभेचं सभागृह वेगळं, परिषदेचं वेगळं, आणि एक मध्यवर्ती सभागृह, जिथे दोन्हीकडचे सभासद एकत्र बसतात. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. मधली मोकळी जागा म्हणजे आमदार ज्यात धावून जातात ती 'वेल'. वरच्या बाजूला प्रेक्षकांची गॅलरी. तिथे बसायला पास लागतो.

कौन्सिल हॉलमध्ये कोरीव काम होतं, इथे काँक्रीट आहे. नेपच्यून नाही, शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. दिसायला कुठली इमारत सुंदर, यावर वाद घालता येईल. मला मात्र दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. या इमारतीपर्यंत माणूस किती जवळ पोचतो?

प्रत्येक इमारतीसमोरची थांबायची जागा

बघा हं. कायदेमंडळाच्या प्रत्येक इमारतीला एक दार असतं, आणि त्या दाराच्या बरंच अलीकडे एक जागा असते, जिथे लोकांना थांबवलं जातं. नकाशावर ती इमारतीचा भाग नसते. पण माझ्या मते असते.

कौन्सिल हॉलची ती जागा म्हणजे फ्लोरा फाउंटन. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी विधानसभेकडे मोर्चा निघाला. फ्लोरा फाउंटनपाशी तो अडवला, गोळीबार झाला आणि त्या दिवशी १५ माणसं गेली. आज तो हुतात्मा चौक आहे.

नागपूरची ती जागा झिरो माइलजवळ. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अडवलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली, त्यात बायका आणि लहान मुलं खूप. तिथे आता स्मारक आहे.

आणि नरिमन पॉइंटची जागा म्हणजे आझाद मैदान. मार्च २०१८ मध्ये आपल्या जिल्ह्यातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. ६ तारखेला नाशिकहून निघालेली माणसं, त्यात दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण भागातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने, १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात पोचली. वनजमिनीचे पट्टे ही मुख्य मागणी. विधान भवनाला घेराव घालायचं ठरलं होतं. पण दहावीची परीक्षा होती, मुलांना त्रास नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्रीच चालले. पायांची सालं निघालेली छायाचित्रं देशभर गेली. विधान भवन तिथून दोनेक किलोमीटरवर होतं. त्यांना तिथे जावं लागलं नाही, त्याच दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिलं.

मार्च २०२३ मध्ये पुन्हा लाँग मार्च निघाला, तो तर थेट दिंडोरीतून. कांद्याचे भाव पडले होते. हा मोर्चा ठाणे जिल्ह्यात वाशिंदला थांबला. आता गंमत बघा, शेतकऱ्यांनी काय धरून ठेवलं? नुसतं तोंडी आश्वासन नको, मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन करावं. ते झालं, कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झालं, मग माणसं परतली. सभागृहात बोललेला शब्द नोंदीत राहतो, तो नंतर काढून दाखवता येतो, हे त्यांना नीट माहीत होतं. भिंती कशासाठी असतात, तर या नोंदीसाठी.

आतला माणूसही बाहेर

एक शेवटची गोष्ट. विधान भवनाजवळच मंत्रालय आहे. तिथे लोकांनी जीव देण्याचे प्रयत्न केल्यावर २०१८ मध्ये मधल्या चौकात जाळी बसवली गेली. ४ ऑक्टोबर २०२४ ला त्या जाळीवर आदिवासी आरक्षणाच्या प्रश्नावरून उडी मारणाऱ्यांत आपले दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ होते, आणि ते तेव्हा विधानसभेचे उपाध्यक्ष होते. सभागृहातल्या सगळ्यात उंच खुर्चीवर बसू शकणारा माणूस! ते बरोबर की चूक, यावर आपल्या चौकात महिनाभर वाद झाला. माझं म्हणणं एवढंच, की आत खुर्ची मिळाली तरी आपलं म्हणणं ऐकू जाईलच असं नाही, हे त्या दिवशी सगळ्या राज्याने पाहिलं.

म्हणून मंडळी, अधिवेशन सुरू असताना कधी मुंबईला गेलात, तर आमदारांच्या कार्यालयातून पासची चौकशी करा आणि गॅलरीत तासभर बसून या. शाळेची सहल नेता आली तर उत्तमच. ती इमारत आपली आहे, तिच्यात बसायला २०० किलोमीटर चालायची गरज पडू नये.

तुमच्यापैकी कुणी लाँग मार्चला गेलं असेल, तर तुमची आठवण आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढे एका भागात ऐकवू. भेटूया पुढच्या भागात. राम राम.