उतरताना लेकराजवळ कोण बसतं?

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हळदीची मोठी बाजारपेठ आहे, रेल्वे आहे, पण विमानतळ नाही. विमान जवळून पाहायचं तर नांदेड गाठावं लागतं. तरीही कळमनुरी, वसमत, सेनगावकडची बारावी झालेली मुलंमुली आता वैमानिक होण्याची चौकशी करतात. पालक आम्हा कार्यकर्त्यांकडे येतात तेव्हा वडील खर्चाचं विचारतात. आई विचारते, "इमान खाली उतरवताना लेकराजवळ कोण असतंय?" आम्हाला आईचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

शेजारी प्रशिक्षक असतो. सेसना जातीच्या शिकाऊ विमानात दोन आसनं शेजारी-शेजारी असतात आणि दोघांपुढे सारखीच नियंत्रणं असतात. धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारून विमान उतरवायचं, चाकं टेकताच पुन्हा उडवायचं, असं दिवसभरात अनेकदा चालतं. उतरताना वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर असतो. जमीन काही फुटांवर आली की नाक हलकेच वर उचलायचं, म्हणजे मागची चाकं आधी टेकतात, पुढचं चाक शेवटी. सगळी मेख इथेच आहे. विद्यार्थ्याने नाक लवकर उचललं तर विमान वरूनच दाणकन आदळतं. उशीर केला तर पुढचं चाक आधी आपटतं. उसळी बसली की घाबरून दांडा पुढे ढकलणं ही नवशिक्याची नेहमीची चूक, आणि त्याने दुसरी उसळी आणखी वाईट बसते.

या दोन-चार सेकंदांत प्रशिक्षकाची खरी परीक्षा असते. त्याने लगेच हात घातला तर विद्यार्थी कधीच शिकणार नाही. उशिरा घातला तर दोघांच्या जिवाशी गाठ. खेड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उतारावर पोराच्या हाती कासरा देऊन बाप शेजारी कसा बसतो, ते आपण पाहिलेलं आहे. फरक एवढाच की इथे शब्द ठरलेले असतात. प्रशिक्षक "आय हॅव कंट्रोल" म्हणाला की विद्यार्थ्याने हात सोडायचा आणि "यू हॅव कंट्रोल" असं उत्तर द्यायचं. दोघांनी एकाच वेळी दांडा ओढू नये म्हणून हा रिवाज. शंका वाटली तर उतरणंच सोडून, पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं. त्यात कमीपणा नाही.

मग एक दिवस प्रशिक्षक विमानातून उतरतो आणि विद्यार्थ्याला एकटं पाठवतो. हे पहिलं एकट्याचं उड्डाण मंजूर करण्याचा अधिकार सहाय्यक प्रशिक्षकाला नसतो. शेजारचं वजन कमी झाल्याने विमान लवकर वर चढतं, उतरताना जास्त तरंगतं. हेही आधी सांगून ठेवावं लागतं.

आता हिशेबाचं. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च चाळीस लाखांच्या वर जातो. केंद्राच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्तीत खाजगी फ्लाइंग क्लबसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा ठेवलेली होती. बेरीज कशी जुळायची? प्रशिक्षकासोबतचे तास वाढले की बिल वाढतं, आणि पालक म्हणतात, "पोराला एकट्याला कधी सोडणार?" आमचं स्पष्ट मत आहे की ही घाई करू नये. २०२३ च्या ऑक्टोबरात बारामती परिसरात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं पडली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं.

महाराष्ट्रात बारामती, गोंदियाजवळ बिरसी आणि शिरपूर इथे हे शिक्षण चालत आलं आहे. प्रवेशाआधी पालकांनी स्वतः जाऊन पाहावं. एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती, उडण्याजोगी विमानं किती, महिन्याला प्रत्यक्ष तास किती मिळतात, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावं. माहितीपत्रकावर विसंबू नये. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा असतात व त्या प्रवेश परीक्षेने भरतात. जाहिरात निघाल्यावर दाखल्यांसाठी तहसीलला धावपळ होते. जातीचा दाखला आणि गुणपत्रिका आधीच तयार ठेवाव्यात.