मधल्या वजनाचं ऑपरेशन

भार आणि भान : लेखांक ८

गेल्या आठवड्यात आपण सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांबद्दल बोललो. त्यांच्या बाबतीत निर्णय अवघड असला तरी प्रश्न सरळ असतो. झोपेत श्वास अडकतो, दोन जिने चढवत नाहीत, गुडघ्यांनी दावा मांडलेला असतो. तिथे वजन कमी करण्याचं ऑपरेशन न करण्याचा धोकाच अनेकदा मोठा ठरतो. आज पाळी आहे ती मधल्या मंडळींची. यांना कुणी तोंडावर लठ्ठ म्हणत नाही. ‘अंगानं जरा सुटलीये’ किंवा ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ एवढ्यावर भागतं. पण आरसा, साखरेचा रिपोर्ट आणि ऑपरेशनच्या जाहिराती तिन्ही मिळून यांच्या मनात एकच किडा सोडतात : आपणही करून टाकावं का?

आधी ‘मधलं’ म्हणजे किती ते ठरवू. उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फुटांच्या आसपास, आणि वजन ८२ किलो असं धरा. मीटरमधल्या उंचीचा वर्ग २.५६. वजनाला त्यानं भागलं की उत्तर येतं ३२. हाच तो बीएमआय. आजचा सगळा पेच ३० ते ३५ या पट्ट्यातला आहे.

रेषा कुठून कुठे सरकली

या ऑपरेशनांसाठी पात्रतेची रेषा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९१ साली आखली : बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत वजनामुळे जडलेला एखादा गंभीर आजार. पुढची तीस वर्षं बहुतेक ठिकाणी हीच रेषा चालली. आपल्या ८२ किलोवाल्याला तिच्यानुसार सर्जनच्या दारातूनच परत जावं लागलं असतं.

पण ती रेषा गोऱ्यांच्या शरीरांवरून आखलेली होती. आपलं शरीर वेगळं आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार आधीपासून सांगायला सुरुवात केली होती. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर बरोबरी, आतून मात्र दुपटीहून जास्त फरक. आपल्याकडे चरबी पोटात, यकृताभोवती आधी साठते आणि स्नायू मुळातच कमी. म्हणून गोऱ्या माणसाला ज्या वजनावर काही होत नाही, त्या वजनावर आपल्याला मधुमेह गाठतो.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे धोक्याचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची सुरुवात २५ पासून धरली आणि ऑपरेशनची रेषा आजार असेल तर ३२.५, नसेल तर ३७.५ अशी खाली आणली. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन मोठ्या सर्जन-संघटनांनी १९९१ चे निकष अधिकृतपणे मोडीत काढले. आता ३५ च्या पुढे आजार नसला तरी ऑपरेशनची शिफारस, ३० ते ३५ मध्ये चयापचयाचा आजार असेल तर विचार करावा, आणि आशियाई लोकांसाठी उंबरठा २७.५.

म्हणजे काल ज्याला परत पाठवलं जात होतं, तो आज आत येऊ शकतो. पण दार उघडलं म्हणून आत गेलंच पाहिजे असं नाही. पात्रता आणि गरज या दोन गोष्टींची इथे हमखास गल्लत होते.

एकच आकडा, तीन माणसं

समजा, एकाच सर्जनच्या बाहेरच्या बाकावर तिघं बसलेत. तिघांचाही बीएमआय ३२.

पहिली अठ्ठावीस वर्षांची. साखर, रक्तदाब, थायरॉइड सगळं ठीक. पाळी थोडी अनियमित, सोनोग्राफीत पीसीओएस. घरात स्थळं बघणं सुरू आहे आणि ‘वजनाचं काहीतरी कर’ हे वाक्य रोज जेवणाच्या ताटाबरोबर येतं.

दुसरे सेहेचाळीस वर्षांचे. चार वर्षांपासून मधुमेह. तीन प्रकारच्या गोळ्या, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी नऊच्या वर. रक्तदाब आहे. घोरण्यानं बायको दुसऱ्या खोलीत झोपते. आहारतज्ज्ञ, जिम, सगळं करून झालंय; सात-आठ किलो उतरले आणि परत चढले.

तिसरे साठीला टेकलेले. मधुमेह अठरा वर्षांचा, त्यातली आठ इन्शुलिनवर. मुलानं कुठेतरी ऐकलं की ऑपरेशननं मधुमेह ‘मुळापासून’ जातो, म्हणून घेऊन आलाय.

ऑपरेशनचा विचार सर्वांत गांभीर्यानं करायला हवा तो दुसऱ्यांनी. का, ते समजायला थोडं पोटात शिरावं लागेल.

या ऑपरेशनांपैकी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. बायपासमध्ये वर छोटीशी पिशवी ठेवून अन्न थेट आतड्याच्या पुढच्या भागात वळवतात. दोन्हींत फक्त जागा कमी होते असं नाही. भूक चेतवणारं घ्रेलिन घटतं, अन्न आतड्याच्या खालच्या टप्प्यात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त स्रवतात. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. म्हणून बायपासनंतर वजन फारसं उतरायच्या आधीच, काही दिवसांत साखर खाली येताना दिसते. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये हे मांडलं तेव्हा वैद्यकविश्वाला हे पचायला जडच गेलं.

पण या सगळ्यासाठी स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी शिल्लक हव्यात. अठरा वर्षांच्या मधुमेहात त्या बऱ्याचशा संपलेल्या असतात. म्हणूनच चांगला सर्जन सी-पेप्टाइड ही रक्ततपासणी सांगतो. शरीर स्वतःचं इन्शुलिन किती बनवतंय ते तिच्यातून कळतं. तैवानमधल्या सर्जनांनी मधुमेह माघार घेईल का याचा अंदाज बांधायला वय, बीएमआय, सी-पेप्टाइड आणि आजाराची वर्षं अशी चार मापं एकत्र केली. त्यात बीएमआय कमी असेल तर गुणही कमी मिळतात. मधल्या वजनाच्या लोकांना हे कुणी सांगत नाही : मधुमेह जितक्या कमी वजनावर आला असेल, तितका त्यात चरबीचा वाटा कमी आणि स्वादुपिंडाच्या अशक्तपणाचा जास्त असू शकतो.

आता आकडे. क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टॅम्पीड’ या चाचणीत बीएमआय २७ ते ४३ असलेले दीडशे मधुमेही होते. सुमारे एक तृतीयांश जण ३५ च्या खालचे. पाच वर्षांचे निकाल २०१७ मध्ये आले. एचबीए१सी ६ किंवा त्याखाली आणण्याचं लक्ष्य फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांनी गाठलं, स्लीव्हवाल्यांपैकी २३ आणि बायपासवाल्यांपैकी २९ टक्क्यांनी. ३५ च्या खालच्यांनाही फायदा वरच्यांसारखाच झाला. मधुमेहाला आठ वर्षं झाली नसतील तर यशाची शक्यता जास्त होती.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. औषधांपेक्षा ऑपरेशन कितीतरी सरस, हे खरं. पण पाच वर्षांनी दहातल्या सात जणांना ते कडक लक्ष्य गाठता आलं नाही, हेही तितकंच खरं. स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात, तिथले रुग्ण बरेच जास्त वजनाचे होते, दोन वर्षांनी ७२ टक्क्यांचा मधुमेह माघारी गेला होता. दहा वर्षांनी तो आकडा ३६ वर आला. तेव्हा ‘मुळापासून जातो’ असं सांगणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावं. साखर काही वर्षं ताब्यात राहिली तरी डोळे, मूत्रपिंडं आणि हृदय यांच्यासाठी ती मोठीच कमाई असते. तिसऱ्या गृहस्थांना कदाचित इन्शुलिनची मात्रा कमी करता येईल, पण त्या बोलीवरच त्यांनी विचार करावा.

पहिल्या मुलीचं काय?

तिची उंची सुरुवातीच्या उदाहरणातलीच, १६० सेंटिमीटर धरली तर बीएमआय २३ म्हणजे ५९ किलो. जास्तीचं वजन २३ किलो. पीसीओएसमध्ये पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते; तिच्या बाबतीत हे चार ते आठ किलो झाले. ते आहार, व्यायाम आणि लागलंच तर औषधानं जमण्यासारखं आहे.

उलट ऑपरेशनचा धोका वजन कमी म्हणून नाहीसा होत नाही. टाके लावलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, फुप्फुसात गुठळी या गोष्टी होऊ शकतात. अमेरिकेतल्या दहा केंद्रांवरच्या २००९ सालच्या मोठ्या पाहणीत पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू ०.३ टक्के आणि मोठी गुंतागुंत सुमारे ४ टक्के होती. म्हणजे हे ऑपरेशन बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पण ज्याला आजारच नाही, त्याच्या पारड्यात दुसऱ्या बाजूला काय ठेवायचं? स्लीव्हनंतर अनेकांना छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास जडतो. पित्ताशयात खडे होऊ शकतात. आणि तिच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं : ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते. लग्न जमावं म्हणून केलेल्या ऑपरेशननंतर पहिलं दीड वर्ष ‘गोड बातमी कधी?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे कुणी तिला आधी सांगितलेलं नसतं.

ताटात काय उरतं

ऑपरेशन तासा-दोन तासांचं, पण त्याचा हिशेब रोजच्या ताटाशी असतो. पहिले काही दिवस नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, पातळ ताक, तेही घोटाघोटानं. मग पेज, मग मऊ खिचडी. महिन्या-दीड महिन्यानं पोळी आली तरी अर्ध्या पोळीत पोट गच्च होतं. जेवताना पाणी प्यायचं नाही. अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं. घास बारीक चावायचा, नाहीतर तो छातीत अडकल्यासारखा होतो आणि उलटी होते. बायपास झालेल्यानं श्रीखंड नाहीतर जिलबी खाल्ली तर धडधड, घाम, चक्कर असा त्रास होऊ शकतो.

एवढ्याशा जागेत दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं बसवायची. एका अंड्यात सहा ग्रॅम. वाटीभर वरणात साधारण तेवढीच. आपल्या शाकाहारी घरांत ताटातला मान भात-पोळीला असतो, वरण त्यांच्या सोबतीला. इथे तो क्रम उलटा करावा लागतो : आधी पनीर, डाळ, उसळ, दही; मग जागा उरली तर पोळी. बी-१२ तर शाकाहारी माणसात आधीच कमी असतं, ऑपरेशननंतर आणखी घसरतं. ते, लोह, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं आणि दर वर्षी रक्त तपासायचं. वजन बरंच उतरलं की या गोळ्या बंद करणारे अनेक असतात. हातापायांना मुंग्या येऊ लागल्या की आठवण होते. दारूही ऑपरेशननंतर लवकर आणि जास्त चढते. मुळातच सवय असेल तर सर्जनपासून ती लपवू नये.

खर्च आणि विमा

खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांचा. विमा आहे म्हणून निर्धास्त असाल तर पॉलिसी उघडून पाहा. विमा नियामक प्राधिकरणानं २०१९ मध्ये जी प्रमाणित कलमं ठरवली, त्यांनुसार लठ्ठपणाच्या ऑपरेशनला संरक्षण मिळतं ते बीएमआय ४० असेल तर, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया, अनियंत्रित मधुमेह यांसारखं काही असेल तर. तेही इतर उपाय फसल्यानंतर. सर्जनांनी १९९१ ची रेषा पुसली, विम्याच्या कागदावर ती जवळपास तशीच आहे. ३२ वाल्यानं पैसे खिशातून जातील असं धरूनच चालावं.

मग ठरवायचं कसं?

या पट्ट्यात ऑपरेशन वजनासाठी करायचंच नसतं. ते आजारासाठी करायचं असतं. ‘कोणत्या आजारासाठी?’ याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर तारीख घेऊ नये. उत्तर देता आलं तर पुढचा प्रश्न : त्या आजारावर याहून सौम्य उपाय नीट, पुरेसा काळ आणि जाणकाराच्या देखरेखीखाली झाला का? ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत मधुमेहाचं निदान होऊन सहा वर्षं झाली नव्हती अशांना काही महिने अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला. वर्षअखेर ४६ टक्क्यांचा मधुमेह माघारी गेला. पुढे हे यश बरंच ओसरलं, पण पहिली संधी म्हणून ती वाया घालवू नये.

सर्जनला तीन गोष्टी सरळ विचाराव्यात. माझ्या बीएमआयच्या किती रुग्णांवर तुम्ही हे केलं, आणि पाच वर्षांनी त्यांतले किती जण तुमच्याकडे तपासणीला येतात? स्लीव्ह की बायपास, आणि माझ्या बाबतीत तेच का? माझं सी-पेप्टाइड किती, आणि साखर परत चढली तर पुढची योजना काय? दुसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे सगळ्यांना हेच करतो’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ते मत सर्जनचं न घेता मधुमेहतज्ज्ञाचं घेतलंत तर उत्तम.

सेहेचाळीस वर्षांच्या त्या गृहस्थांनी मात्र ‘अजून थोडं बघू’ म्हणत दहा वर्षं काढू नयेत. थांबण्याचीही किंमत असते, आणि त्यांच्या बाबतीत ती स्वादुपिंड चुकतं करतं.

*(पुढील लेखांकात : आठवड्याला एक टोचणी. सेमाग्लुटाइड आणि टर्झेपेटाइड या औषधांमुळे ३० ते ३५ च्या पट्ट्यातलं गणित कसं बदललं, आणि ती बंद केल्यावर काय होतं?)*